रात्रीच्या डेस्कवर आता कोण बसतं?

रातपाळी (धागाकर्ती), रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या पेपरात जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर चार उपसंपादक उरले होते. त्यातल्या तिघांना ‘एक तारखेपासून येऊ नका’ असं सांगितलं. चौथी ही. आता सहा पानं ती एकटी बघणार आणि बाकीची पानं वार्ताहर स्वतःच तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर ओतून सोडणार. पेपरचं नाव लिहीत नाही. आज ते नाव आहे, उद्या दुसरं असेल.

मी स्वतः एकोणीस वर्षं डेस्कवर काढली, त्यातली चौदा रातपाळीला. लोकांना वार्ताहर माहीत असतो, संपादक माहीत असतो. उपसंपादकाचं नाव कुठेच छापून येत नाही, त्यामुळे तो कोणालाच माहीत नसतो. लग्नकार्यात कोणी विचारलं ‘पेपरात काय करता’ आणि मी ‘डेस्कवर आहे’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे शुद्धलेखन तपासता का?’ तेही करतोच. पण डेस्कचं खरं काम म्हणजे आलेल्या प्रत्येक बातमीवर आधी संशय घ्यायचा आणि मगच ती पुढे सोडायची.

एक रात्र सांगते. बारा वाजत आले होते. डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना जाणारी, गेलेली, शहर आवृत्तीचं पहिलं पान अर्ध्या तासात सोडायचं होतं. महामार्गावर जीप आणि ट्रकचा अपघात झाला. तालुका वार्ताहराने मजकूर पाठवला: सहा ठार, चार जखमी, खाली मृतांची नावं. मी मथळा दिला, फोटो बसला, पान भरलं. सवयीने प्रिंटवर पेन्सिल टेकवून नावं मोजली. सात भरली. परत मोजली, पुन्हा सातच. वार्ताहराला फोन लावला तर तो घाटात, रेंज नाही. पोलीस ठाण्यात लावला, ठाणे अंमलदार म्हणाले सहा. मग सातवा कोण? रुग्णालयात लावला. रातपाळीच्या सिस्टर होत्या, त्यांनी वॉर्डातली यादी फोनवर सावकाश वाचून दाखवली. आमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पाय मोडून वॉर्डात होता आणि शुद्धीवर होता. जखमींतलं नाव मृतांत पडलं होतं, दुसरं काही नाही.

ते नाव उचलून खाली टाकायला दहा सेकंद लागले असतील. नंतर वार्ताहराने सांगितलं, त्या मुलाच्या घरी त्या रात्री फक्त आजी होती आणि गावात पेपर पहिल्या एसटीने पोचायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण काही घडलंच नव्हतं. व्यवस्थापन जेव्हा कागद घेऊन बसतं आणि विचारतं की या माणसांनी वर्षभरात काय ‘आणलं’, तेव्हा त्या रात्रीची नोंद कुठल्याच रकान्यात सापडत नाही.

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. न्यू यॉर्क टाइम्सने २०१७च्या मे अखेरीस जाहीर केलं की स्वतंत्र कॉपी डेस्क मोडायचा. शंभराहून जास्त कॉपी एडिटर, म्हणजे आपल्याकडचे उपसंपादक, होते, ते पन्नास-पंचावन्नवर आणायचे. तोवर तिथे बातमी विषयाच्या संपादकाकडून कॉपी एडिटरकडे आणि मग ‘स्लॉट’ म्हणतात त्या ज्येष्ठाकडे जायची. म्हणजे वार्ताहराशिवाय किमान तीन जणांची नजर. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या अंतर्गत अहवालात ओळीओळीच्या या संपादनाला ‘कमी मोलाचं’ म्हटलं होतं. हे दोन शब्द त्या लोकांना किती लागले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे. डेस्क मोडण्याची घोषणा झाली त्याच दिवशी ‘पब्लिक एडिटर’ हे पदही रद्द झालं. एका वार्ताहराने रचलेल्या बातम्यांचं प्रकरण २००३ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा वाचकांच्या वतीने संपादकांना जाब विचारायला ते पद निर्माण केलं होतं. एकाच दिवशी छापण्याआधी विचारणारे कमी केले आणि छापल्यानंतर विचारणाराही काढला.

कॉपी एडिटरांनी कार्यकारी संपादक डीन बॅके आणि व्यवस्थापकीय संपादक जो कान यांना पत्र लिहिलं. त्यातलं एक म्हणणं मला विसरता येत नाही: आम्ही तुमचे वाचकच आहोत, आणि तुम्ही आमच्याकडे पाठ फिरवली आहे. २९ जूनला ते काम सोडून रस्त्यावर आले, सोबत वार्ताहरही आले. एका फलकावर ‘हा फलक संपादित केलेला नाही’ असं लिहून त्यातल्या एका शब्दाची अक्षरं मुद्दाम उलटसुलट केली होती.

अमेरिकी वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेच्या गणनेप्रमाणे २००२ ते २०१२ या दहा वर्षांत तिथल्या कॉपी एडिटरांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. म्हणजे टाइम्सचा निर्णय हा त्या रांगेतला बऱ्यापैकी शेवटचा.

तुमच्या पाहण्यातलं सांगा. डेस्कवर काम केलेले असाल तर जरूर, आणि नुसते वाचक असाल तरीही.

(संपादन: मोर्चाची तारीख आधी २८ जून लिहिली होती, खाली जर्सीकरांनी सांगितल्यावरून दुरुस्त केली.)

काना_मात्रा, सोमवार, सकाळी ६:४५

ताई, तुम्ही डेस्कचं लिहिलंत, मी त्याच्याही आधी गेलेल्यांपैकी आहे. मुद्रितशोधक म्हणून सोलापुरात लागलो तेव्हा आम्ही जोडीने बसायचो. एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचणार, त्याला कॉपी होल्डर म्हणायचे. दुसरा गॅलीवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या छापील पट्टीवर, खुणा करणार. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचायचा: ‘जिल्हाधिकारी म्हणाले स्वल्पविराम अवतरण सुरू’. घरी पोरं माझी नक्कल करायची इतकं ते अंगात मुरलं होतं. कानाने ऐकताना जी चूक कळते ती नुसत्या डोळ्याला सापडत नाही, हे मी पैजेवर सांगेन.

फार कमी जणांना ठाऊक आहे की १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराच्या व्याख्येत संपादक, उपसंपादक, वार्ताहर यांच्याबरोबर प्रूफ रीडरही, म्हणजे मुद्रितशोधकही, लिहिलेला होता. कायद्याने आम्हाला पत्रकार मानलं. संगणक आल्यावर मालकांनी मात्र ‘आता टाइप करणाराच तपासेल’ म्हणून आमचं खातंच बंद केलं.

मग काय झालं? जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, जोडाक्षरं फुटतात, ‘अ‍ॅ’चा चंद्र गायब होतो. ‘शिक्षक दिन’चं ‘शिक्षक दीन’ तर दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतं. ऱ्हस्व-दीर्घावर लोक ‘काय फरक पडतो’ म्हणतात. सूत म्हणजे दोरा आणि सुत म्हणजे मुलगा, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. आपल्या भाषेत वेलांटी अर्थ बदलते, ती नुसती टापटीप नाही.

जर्सीकर, सोमवार, सकाळी ८:०५

रातपाळी, एक दुरुस्ती. पत्र २८ जूनचं, मोर्चा २९चा. मी तेव्हा मॅनहॅटनमध्ये कामाला होतो आणि टाइम्सचा वर्गणीदार आहे म्हणून ते सगळं लक्ष ठेवून वाचलं होतं.

आता थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. टाइम्स त्यानंतर बुडाला नाही. २०२३ संपेपर्यंत त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या पुढे गेले. डेस्कवरून वाचलेला पैसा नवे वार्ताहर, व्हिडिओ, डेटा यांत घालायचा असं त्यांनी सांगितलं होतं. वाचक म्हणून मला आता जास्त टायपो दिसतात हे खरं आहे, पण बातम्याही जास्त मिळतात. मग निर्णय चुकला असं नेमकं कशावरून म्हणायचं?

रातपाळी, सोमवार, सकाळी ९:१५

तारीख बदलली, मनापासून धन्यवाद.

तुमचा प्रश्न रास्त आहे. टाइम्सने शंभराचे पन्नास केले. पन्नास माणसं! शिवाय विषयाचे संपादक अनुभवी, त्यांच्यावर कॉपी एडिटिंगची जबाबदारी टाकली. कायदा बघणारे वकील घरचे. चूक झाली तर रोज शुद्धिपत्र छापायची शिस्त आहे, आणि ती संकेतस्थळावरच्या लेखाखालीही दिसते. इतक्या भिंती असलेल्या घराची एक भिंत काढली तर घर उभं राहतं. आमच्याकडे होती तीच एक. जिल्हा पानावर वार्ताहर आणि छपाई यांच्यामध्ये एक उपसंपादक बसायचा, तो उठला की मध्ये कोणीच नाही. ‘टाइम्सनेही केलं’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये कानांनी ऐकलंय, म्हणून हे ठासून सांगते.

तालुका_वार्ताहर, सोमवार, दुपारी १:३०

माझी बाजू पण ऐका. मी बातमीवर पैसे मिळणारा माणूस, पगारी नाही. सकाळी पंचायत समिती, दुपारी कोर्ट, संध्याकाळी एखादं उद्घाटन, मध्ये वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या, टार्गेट असतं. मोबाईलवर अंगठ्याने बातमी टाइप करतो, तीही दुचाकी बाजूला लावून. रात्री साडेअकराला डेस्कवरून फोन यायचा, ‘अहो, आरोपीचं वय कुठंय, वडिलांचं नाव कुठंय’. तेव्हा डोकं फिरायचं. बायको म्हणायची, यांना झोप नाही का.

आता फोन येत नाही. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. मग एका रात्री मारामारीची बातमी पाठवली आणि झोपच येईना, कारण आमच्या गावात त्या नावाचे तीन जण आहेत. आडनाव एक, नाव एक, फक्त वडील वेगळे. त्यातला एक शिक्षक. मी वडिलांचं नाव लिहिलंय की नाही ते आठवेना. उठून फोन बघितला, लिहिलेलं होतं. पण त्या रात्री कळलं, साडेअकराचा तो फोन माझ्यासाठीच होता.

आणखी एक. आधी आमचं पान जिल्ह्याच्या गावी लागायचं. मग तीन जिल्ह्यांची पानं एका मोठ्या शहरात लावायला लागले, ‘हब’ म्हणतात त्याला. तिथल्या मुलांचा दोष नाही, पण त्यांना वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव ते कसं कळणार? मावळातलं आहे, कोल्हापूरकडे पेठ वडगाव आहे, पुण्यात शेरी वेगळं आणि बुद्रुक वेगळं. खुर्द आणि बुद्रुकची अदलाबदल झाली की एका गावचा सरपंच दुसऱ्या गावच्या भ्रष्टाचारात अडकतो. जुने चीफ सब, म्हणजे मुख्य उपसंपादक, मान वर न करता सांगायचे, ‘ते खुर्द आहे रे, नदीच्या अलीकडचं’.

मेलबर्नकर, सोमवार, दुपारी ३:००

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात फेअरफॅक्स या वृत्तपत्र कंपनीने २०११ मध्ये सिडनी मॉर्निंग हेरल्ड आणि द एज यांचं उपसंपादनाचं बरंचसं काम पेजमास्टर्स या बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. मराठीत ‘हब’ म्हणताय तीच कल्पना, फक्त कंपनीही परकी. तेव्हाही इथल्या जुन्या सबएडिटरांचं हेच म्हणणं होतं की गावाची माहिती कंत्राटात लिहून देता येत नाही.

कोडवाला, सोमवार, संध्याकाळी ७:४०

मी भाषा-तंत्रज्ञानात काम करतो. सगळ्यांबद्दल आदर ठेवून म्हणतो, मुद्रितशोधन आणि आकड्यांची बेरीज या गोष्टी आता यंत्राला जमतात. ‘सहा ठार’ आणि नावं सात, ही विसंगती आजची एआय साधनं दोन सेकंदांत दाखवतील. मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची तपासणीसुद्धा पाच वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी सुधारली आहे. मग चार माणसांच्या जागी एक माणूस आणि एक चांगलं साधन, यात वाईट काय?

रातपाळी, सोमवार, रात्री १०:५०

कोडवाला, तुमचं पहिलं म्हणणं मान्य. यंत्र नावं मोजेल, आणि मोजावीत. मला रात्री दोनला असा मदतनीस मिळाला असता तर मी हरखले असते. पण सात नावं आहेत हे कळल्यावर रुग्णालयात फोन कोण लावणार? सिस्टरला ‘जरा तिसरं नाव पुन्हा वाचा’ कोण म्हणणार? विसंगती दिसणं हे अर्धं काम. आणि यंत्र जिथे बसवलं तिथे ‘एक माणूस आणि साधन’ असं झालेलं मला फारसं दिसलं नाही. माणूस गेला आणि साधन राहिलं, असंच जास्त दिसतं.

उदाहरणं अगदी ताजी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस डिस्पॅचमध्ये शाळांच्या फुटबॉल सामन्याची यंत्राने लिहिलेली बातमी लागली. त्यात संघाच्या नावापुढे चौकटी कंसात ‘जिंकलेल्या संघाचं बोधचिन्ह’ असं साच्यातलं रिकाम्या जागेचं नाव तसंच राहिलं होतं. त्या पेपरची मालक असलेल्या गॅनेट कंपनीला तो प्रयोग थांबवावा लागला. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली, त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं यंत्राने रचलेली. पुरवणी बाहेरच्या सिंडिकेटकडून, म्हणजे अनेक पेपरांना तयार मजकूर विकणाऱ्या कंपनीकडून, आलेली, आणि दोनच महिने आधी त्या पेपरातली वीस टक्के माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेली होती. फिलाडेल्फिया इन्क्वायररमध्येही तीच पुरवणी लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या डॉन या दैनिकात मोटारींच्या विक्रीची बातमी छापली, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘हवं असल्यास याची पहिल्या पानाला शोभेल अशी अधिक चटकदार आवृत्तीही करून देतो’ ही एआयची वाक्यं जशीच्या तशी. छापील पेपरात. डॉनला जाहीर खेद व्यक्त करावा लागला.

तिन्ही ठिकाणी चूक पकडायला भाषापंडित नको होता. छापायच्या आधी कोणीतरी तो मजकूर शेवटपर्यंत वाचायला हवा होता, एवढंच.

काना_मात्रा, सोमवार, रात्री ११:३०

शेवटपर्यंत वाचणं! आमचे हेड मुद्रितशोधक नवीन मुलाला पहिल्या दिवशी शेवटचा परिच्छेद आधी वाचायला लावायचे. म्हणायचे, थकलेला डोळा तिथे पोचतच नाही, म्हणून चुका तिथेच राहायला जातात.

काळा_कोट, मंगळवार, सकाळी १०:१०

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. या धाग्यात कायद्याची बाजू आली नाही म्हणून लिहिते, कारण मालकांना बाकी काही नाही तरी ही भाषा समजते.

पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, किंवा ओळख पटेल असं काहीही माध्यमात देता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, एक वर्षापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय की कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीला प्रकाशक आणि मालक संयुक्तपणे जबाबदार. लैंगिक अत्याचारातल्या प्रौढ पीडितेबाबत जुनं भारतीय दंड संहितेचं कलम २२८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआच्या बालिका-अत्याचार आणि खून प्रकरणात मुलीचं नाव जाहीर केलं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. दहा लाखांत जिल्ह्याच्या गावी किती उपसंपादक किती वर्षं काम करतात, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

बदनामीचं तर रोजचं आहे. ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यात फरक आहे. ‘आरोपी’ म्हणजे ‘गुन्हेगार’ नाही. जामीन मिळाला तरी मथळ्यात ‘सुटका’, निर्दोष सुटला तरी ‘सुटका’, मग वाचणाऱ्याला काय समजावं? माझ्या एका अशिलाची निर्दोष मुक्तता झाली, बातमीत ‘जामिनावर मुक्तता’ आलं. मुलीचं लग्न ठरत होतं त्यांच्या. खुलासा पाचव्या दिवशी आला, पान सातवर, चार ओळी.

रातपाळी, मंगळवार, दुपारी १२:००

काळा_कोट ताई, हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार करत होते. तुम्ही विषय काढलात म्हणून लिहिते.

मी काम सोडल्यानंतरची गोष्ट. सकाळी चहा घेताना एका पेपरात पोक्सोची बातमी वाचली. मुलीचं नाव नव्हतं, वार्ताहराने नियम पाळला होता. पण आरोपीचं पूर्ण नाव होतं, गाव होतं, आणि तो मुलीचा कोण लागतो तेही होतं. त्या गावातल्या कोणालाही मुलगी कोण ते दुसऱ्या वाक्याला कळलं असणार. ज्याने डेस्कवर सहा महिने काढलेत त्याचा हात अशा वाक्यावर आपोआप थांबतो. आरोपी नात्यातला असेल तर एकतर नातं ठेवायचं, नाहीतर नाव. दोन्ही एकत्र कधीच नाही. हे कुठल्या पुस्तकात शोधायला जात नाही आम्ही, शेजारी बसणारा शिकवतो.

मी फोन लावला. डेस्कचा नंबर वाजत राहिला. पूर्वी सकाळी एक जण असायचा. दुपारी साडेबाराला एकाने उचलला, संकेतस्थळावरून बातमी काढली. तो मुलगा फोनवर रडवेला झाला होता. आवृत्तीचा गठ्ठा त्या गावात केव्हाच वाटून झाला होता.

जाहिरात_विभाग, मंगळवार, दुपारी ४:२०

मी दुसऱ्या टेबलावर बसलेला माणूस. चौदा वर्षं जाहिरात विभागात आहे. डेस्कवरच्या लोकांना आम्ही शत्रू वाटतो, पण पैशाचं गणित खरंच बसत नाही हो. वाचक पेपरला पाच रुपये देतो, त्यातलं विक्रेत्याचं आणि एजंटचं कमिशन वजा करा, कागदाचा खर्चही निघत नाही. आयात कागदावर २०१९च्या अर्थसंकल्पात दहा टक्के शुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते पाचवर आलं, पण तोवर करोना आला. त्यात जाहिराती गेल्या त्या पूर्ण परतल्याच नाहीत, सरळ गूगल-फेसबुककडे गेल्या. पगाराच्या यादीवर नजर टाकली की पहिली कात्री तिथे लागते, जिथे कमी केलेलं दुसऱ्या दिवशी दिसत नाही. वार्ताहर काढला तर पान रिकामं दिसतं, जाहिरातवाला काढला तर उत्पन्न पडतं. उपसंपादक काढला तर पेपर तसाच निघतो.

हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं का होतं ते सांगतोय. आणि रातपाळींनी लिहिलेली शेवटची गोष्ट वाचल्यावर मला आमच्या मीटिंगांमध्ये गप्प बसल्याचं वाईट वाटतंय.

साधा_वाचक, मंगळवार, संध्याकाळी ६:००

वय ७४. एका अक्षराने काय होतं हे आपल्याला ‘ध’चा ‘मा’ने शिकवलंय. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं आणि नारायणराव पेशवे गेले. तेव्हा डेस्क असता तर!

काना_मात्रा, मंगळवार, संध्याकाळी ६:२५

काका, नमस्कार. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा, शनिवारवाड्यातला, हे पक्कं. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी स्वतः केला ही मात्र आख्यायिका आहे. माझ्याकडे कॉपी आली असती तर मी ‘असे सांगितले जाते’ हे तीन शब्द घातले असते. बाईमाणसावर अडीचशे वर्षं खुनाचा डाग आहे, त्यांच्या बाजूने एवढं तरी लिहायला हवं.

साधा_वाचक, मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मान्य. खरंच मान्य. मी लहानपणापासून हे इतिहास म्हणूनच सांगत आलो.

कोडवाला, मंगळवार, रात्री ९:००

आज ऑफिसात हा धागा दोन सहकाऱ्यांना वाचायला दिला. ‘आरोपीचं नाव आणि पीडितेशी नातं एकत्र येऊ नये’ हा नियम आम्ही साधनात घालू शकतो. ‘ताब्यात’ आणि ‘अटक’ यांच्यापाशी थांबून विचारणंही. पण हे नियम आम्हाला सांगणार कोण? तुमच्यासारखी माणसं घरी बसली तर यंत्राला शिकवायलाही कोणी उरणार नाही. हा मुद्दा माझ्या आधीच्या प्रतिसादात सुटला होता. रातपाळी, काना_मात्रा, तुमची हरकत नसेल तर असे नियम मला लिहून द्याल का? मी व्यक्तिगत निरोप पाठवतो.

काना_मात्रा, मंगळवार, रात्री ९:३०

देईन. वहीत लिहिलेले आहेत, तीन वह्या आहेत. अक्षर लागेल का बघा.

नवखी, बुधवार, सकाळी ११:००

मी यंदा पत्रकारितेचा कोर्स संपवला. पुण्यात दोन ठिकाणी मुलाखत दिली, दोन्हीकडे ‘रिपोर्टिंग आणि व्हिडिओ येतं का’ एवढंच विचारलं. मला मनापासून डेस्क आवडतं. आमच्या वर्गात असं म्हणणारी मी एकटी होते. हा धागा वाचून समजत नाहीये, या कामात यावं का? रातपाळीताई, खरं सांगा.

रातपाळी, बुधवार, दुपारी २:१५

खरं सांगते. पगार कमी आहे, रात्री आहेत, आणि नोकरीचा भरवसा या धाग्यात वाचलासच. पत्रकारांच्या पगारासाठीचा मजिठिया वेतन आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वैध ठरवला, तरी कित्येकांच्या हातात कंत्राटाचा कागदच आहे. रुजू होताना नेमणूकपत्रात पदाचं नाव काय लिहिलंय ते नीट वाच. ‘कंटेंट’ने सुरू होणारं काही असेल तर विचार, की मी श्रमिक पत्रकारात मोडते का.

काम शिकायचं असेल तर नोकरीची वाट बघू नकोस. तू लिहिलेली किंवा कुठलीही एक बातमी मला निरोपात पाठव. मी खुणा करून परत पाठवेन. रोज एक.

नवखी, बुधवार, दुपारी ३:४०

पाठवली ताई. पाण्याच्या टँकरची आहे, मी स्वतः जाऊन केलेली. दोनशे शब्द.

रातपाळी, बुधवार, दुपारी ४:०५

मिळाली. भाषा स्वच्छ आहे. दुसऱ्या ओळीत गावाचं नाव आहे, तालुका नाही. टँकर आठवड्यातून तीनदा येतो असं वर म्हटलंयस आणि खाली ग्रामसेवक ‘एक दिवसाआड’ म्हणतात, यातलं नेमकं काय? चौथ्या परिच्छेदातल्या आजींचं वय ८२ लिहिलंस आणि फोटोओळीत ७२. त्यांना किंवा घरच्यांना फोन करून विचार, मग परत पाठव.